झारीतले शुक्राचार्य

मुलगा मास्टर्स करायला जर्मनीला गेला की पहिल्या आठवड्यात तिथे काय शोधत असेल, याबद्दल आमच्या गावात बऱ्याच समजुती आहेत. सर्वसाधारण मत असं, की तो लायब्ररी शोधतो. मामांचं मत, की तो पार्टटाइम नोकरी शोधतो. आजीचं मत जरा वेगळं आहे आणि ते ती आईला स्वयंपाकघरात, आवाज खाली आणून सांगते. वस्तुस्थिती अशी, की तो बाथरूममध्ये ठेवायला एक मग शोधत असतो.

गाव म्हणजे पाली. बल्लाळेश्वराची नव्हे, ती रायगड जिल्ह्यात. आमची पाली राजगडाच्या पायथ्याची, पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातली. हा खुलासा मी जन्मापासून करत आलोय आणि तरीही माझ्या ॲडमिशनचे पेढे खाताना एका पाहुण्यांनी 'गणपतीची कृपा' असं म्हणून घेतलंच. गडाच्या पाली दरवाज्याची पायऱ्यापायऱ्यांची वाट आमच्याकडून वर जाते. शनिवार-रविवारी पुण्याची मंडळी साठेक किलोमीटर गाडी मारून येतात, गड चढतात, उतरतात, आमच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खातात, चुलीच्या धुराचे फोटो काढतात आणि 'काय साधं सुख आहे ना इथे!' असं एकमेकांना सांगतात. मला लहानपणी या माणसांची काळजी वाटायची. आम्हाला सुख म्हणजे नसरापूरच्या नाक्यावरचा वडापाव वाटायचा.

निघताना बॅग भरणं हा आमच्या घरचा नव्हे, आळीचा कार्यक्रम झाला. २३ किलोच्या दोन बॅगा. वजन करायला भाताच्या पोत्यांचा काटा आणला. तांदूळ, नाचणीचं पीठ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, गोधडी, कुकर. पुस्तक एकही नव्हतं. चुलतभावानं ते लक्षात आणून दिलं, तर काका म्हणाले, "पुस्तकं तिथे असतात. म्हणून तर चाललाय."

मग मी नियम वाचून दाखवायला घेतले. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत, म्हणजे तूप बाद. ताजा पाला, भाजी, फळं न्यायची तर आपल्या सरकारचा रोग-कीड नसल्याचा दाखला हवा, म्हणजे कढीपत्ता बाद. दाखल्यातून सूट पाचच फळांना आहे: नारळ, केळं, अननस, खजूर आणि ड्युरियन.

"ड्युरियन म्हणजे काय?" आईनं विचारलं.

"फणसासारखं असतं. भयंकर वास मारतं."

"वास मारणारं चालतं आणि माझं तूप चालत नाही?"

युरोपियन युनियनच्या वतीनं मी गप्प बसलो. पण यादीतल्या नारळावर आईनं बोट ठेवलं होतं. तिनं माझ्या नकळत खोबऱ्याच्या वाट्या बॅगेच्या तळाशी सरकवल्या. विमानतळावर बॅग बाजूला काढली गेली.

"सुकं खोबरं आहे?"

"वाट्या आहेत."

"ज्वलनशील आहे."

"चटणीसाठी आहे."

सुकं खोबरं तेलकट असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या धोकादायक मालात त्याची गणती होते. हे मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या माळ्यावर वर्षभर असतं. एकदा तरी पेटलं का?" आणि मग, जरा विचार करून, "तुझ्या बाबांना सांगू नकोस. ते माळ्यावर झोपतात."

तर मग. शहराचं नाव सांगत नाही, कारण आमच्या होस्टेलच्या केअरटेकरना मराठी येत नसलं तरी माझं नाव ऐकलं की ते कान टवकारतात. जर्मनीतल्या बाथरूममध्ये सगळं असतं. गरम पाणी चोवीस तास, टॉवेल वाळवायला खास तापणारी शिडी. फक्त पाणी जिथे लागतं तिथे नसतं. तिथे कागद असतो. या विषयावर भारतीय विद्यार्थ्यांत जेवढी गंभीर चर्चा होते तेवढी प्रबंधाच्या विषयावर होत नाही. घरी फोन केला की 'अभ्यास चाललाय' असं आपण म्हणतो ते याच अर्थानं.

मी घरगुती वस्तूंच्या एका दुमजली दुकानात गेलो. तिथल्या बाईंना माझ्या क्लासमध्ये शिकलेल्या जर्मनमध्ये, हातवाऱ्यांसकट सांगितलं: प्लास्टिकचं, गोल, दांडी असलेलं, पाणी घ्यायचं, पाणी ओतायचं.

"कुठे ओतायचं?" बाईंनी विचारलं.

क्लासमध्ये हा धडा झाला नव्हता. मी दुकानाच्या छताकडे पाहिलं. बाईंनी आपल्या परीनं विचार करून केकचं साहित्य मोजायचं भांडं आणून दिलं. दांडी होती, चोच होती, बाहेरून मिलिलिटरच्या रेघा होत्या. काही दिवस मी शास्त्रशुद्ध जगलो. मग कुणीतरी मजल्याची साफसफाई करताना ते भांडं 'चुकून इथे आलेलं दिसतंय' म्हणून सामाईक स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं आणि पुढच्या रविवारी त्यात केकचं पीठ कालवलं गेलं. सगळ्या मजल्यानं केक खाल्ला. फार हलका झाला होता म्हणे. मी उपवास आहे म्हणून सांगितलं. कसला, असं विचारल्यावर रविवारचा, खंडोबाचा, म्हणालो. त्या दिवसापासून तिथे दर रविवारी मला उपाशी ठेवतात.

भांडं परत मागणं शक्यच नव्हतं. तेव्हा लातूरच्या एका सीनियरनं परंपरेनं चालत आलेली विद्या माझ्या कानात सांगितली: झाडांना पाणी घालायची झारी घे. लांब चोच, हलकी, दीड लिटर. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. मी हिरव्या रंगाची घेतली. काउंटरवरच्या बाई हसून म्हणाल्या, "कोणती झाडं आहेत?"

"कढीपत्ता," मी म्हणालो. मनात तोच होता.

माझ्या शेजारच्या खोलीत पर्यावरणशास्त्राचा एक जर्मन मुलगा राहतो. सहा फुटांहून उंच आणि तेवढाच प्रामाणिक. बाथरूम दोघांत एक. चार दिवसांनी त्यानं दार वाजवलं.

"बाथरूममध्ये झारी आहे. झाड दिसत नाही."

मी काही बोलेना, तेव्हा तोच हळू आवाजात म्हणाला, "मेलं का?"

"हो."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो नेच्याची कुंडी घेऊन आला. अंधारात आणि ओलीत हे झाड छान वाढतं, मुद्दाम आपल्या बाथरूमसाठी आणलंय, म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण पहिल्या झाडाचं काय झालं हे त्याच्या मनात होतंच. दुसरा जीव माझ्या एकट्याच्या भरवशावर सोडायला तो तयार नव्हता. पाणी घालायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. नेच्यापासून सुरुवात झाली, मग जिन्यातली रबराची झाडं, मग स्वयंपाकघराच्या खिडकीतली तुळशीसारखी दिसणारी ती इटालियन तुळस. त्यासाठी झारी मजलाभर फिरू लागली. बळीराजाच्या झारीच्या तोटीत शुक्राचार्य निदान एकदाच बसले होते. वामनानं दर्भाची काडी घातली आणि प्रश्न मिटला. माझा शुक्राचार्य रोज सकाळी सव्वासातला झारी घेऊन झाडांना पाणी घालायला जातो. आणि माझी वेळही सव्वासातचीच आहे.

बादलीचं जरा सोपं गेलं, कारण फरशी पुसायची बादली सगळीकडे मिळते. शॉवरखाली उभं राहण्याला मी अंघोळ मानत नाही. ते पावसात सापडणं आहे, आणि तेवढं तर आमच्या वेल्ह्यात जूनपासून फुकट मिळतं. बादली भरून, पाट नसला तरी उकिडवं बसून, 'गंगे च यमुने' आठवेल तेवढं म्हणत अंगावर पाणी घेतल्याशिवाय मला लेक्चरला बसवत नाही. कशानं घेतो हे विचारू नका. सव्वासातनंतर झारी परत येते.

भाताची गोष्ट याहून दुःखाची. आमच्या भागात इंद्रायणी पिकतो. हा वाण १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला. आंबेमोहराचं रक्त आहे त्यात. शिजला की मऊ, जरा चिकट, वासाचा. होस्टेलजवळच्या भारतीय दुकानात बासमती मिळतो आणि फक्त बासमतीच मिळतो. सुटा, लांब, ताठ. आमटी घातली की अंग चोरून बाजूला होतो. लग्नाच्या पंगतीत एक दिवस ठीक आहे, पण रोज रात्री पाहुण्यासारखं वागणारा भात कोण खाईल? बॅगेतला इंद्रायणी संपला तेव्हा मी दोन दिवस पाव खाल्ला आणि घरी फोन केला नाही.

मग एका साध्या सुपरमार्केटच्या सर्वांत खालच्या फळीवर मला अर्ध्या किलोची पाकिटं दिसली. बुटका, गोल दाणा. जर्मन लोक त्याची दुधात खीर करतात, वर साखर आणि दालचिनी भुरभुरतात. मी तो आणला, कुकरला लावला, आणि झाकण उघडल्यावर डोळ्यांत पाणी आलं. चिकटला होता!

"आई, तांदूळ सापडला."

"इंद्रायणी?"

"नाही. इटलीचा."

"वास आहे का?"

"वास नाही."

"मग काय सापडला?" असं म्हणून तिनं फोन बाबांकडे दिला.

त्या रात्री मी त्या भातावर आमटी, लिंबू, बाजूला कांदा असा मांडून बसलो, तर शेजारचा शुक्राचार्य दारात थबकला. खिरीच्या तांदळावर पिवळा रस्सा आणि कच्चा कांदा! त्याचा चेहरा आजारी माणसाच्या खोलीत शिरल्यासारखा झाला. "यावर साखर घालतात," तो मायेनं म्हणाला. "आमच्याकडे आमटी घालतात," मी म्हणालो. त्यानं विचारून एक फोटो काढला. घरी आईला पाठवला असणार. आमच्या ओसरीवर चुलीचे फोटो काढणारे पुणेकर मला तेव्हा पहिल्यांदा आतून कळले.

अशा वेळी धीर यावा म्हणून मी परदेशी शिकलेल्या थोरांची चरित्रं वाचतो. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारी पुरेना तेव्हा गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. १८८६ साली डॉक्टर झाल्या. डॉ. आंबेडकर १९२०च्या सुमारास लंडनला शिकत होते तेव्हा दिवसभर पुस्तकांत, पोटाला जेमतेम, आणि रात्री अभ्यास करता करता भूक असह्य झाली की कुणा ओळखीच्यानं दिलेले पापड भाजून खायचे, असं धनंजय कीरांनी त्यांच्या चरित्रात नोंदवलंय. त्यांच्या अठरा तासांच्या अभ्यासाचा कित्ता गिरवणं मला जमणारं नव्हतं. म्हणून मी पापडापासून सुरुवात केली.

विजेच्या सपाट शेगडीवर पापड नीट भाजत नाही. एका बाजूनं कच्चा, एका बाजूनं काळा होतो, आणि त्या काळ्या बाजूला धूर येतो. जर्मनीत राहत्या घरात धूर ओळखणारी घंटा बसवणं कायद्यानं सक्तीचं आहे. लंडनला १९२०मध्ये ती नव्हती, हे मी विसरूनच गेलो. रात्री साडेअकरा वाजता तिनं जी किंकाळी फोडली तिनं मजला जागा झाला, वरचा मजला जागा झाला, आणि मंडळी कोट घालून शिस्तीत रांगेनं खाली अंगणात जाऊन उभी राहिली. मी हातात पापड घेऊन सर्वांत शेवटी उतरलो.

केअरटेकर आले. "काय जळलं?"

मी दाखवला.

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हे खातात?"

"हो."

त्यांनी तुकडा मोडला, खाल्ला, जरा वेळ तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "बिअरबरोबर चांगलं लागेल." पण दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर सूचना लागलीच. त्यात रात्री दहानंतर 'शिट्टी वाजवणाऱ्या भांड्या'चाही उल्लेख होता. म्हणजे कुकरचा हिशेबही मनात साठला होता तर.

आता ताकाचं सांगतो. ते सांगायचं नव्हतं, पण लेख लिहायला घेतल्यावर लपवणार किती? आमच्या मजल्यावर एक अस्सल पुणेकर आहे. पहिल्या भेटीत मी पाली म्हणालो तर तो बल्लाळेश्वर म्हणाला नाही, राजगड म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी त्याला ताक करून दिलं. तिथलं दही, पाणी, मीठ, जिरं. एका घोटात पेला रिकामा करून तो म्हणाला, "याला म्हणतात ताक! नाहीतर तुमच्या त्या पालीच्या वाटेवर. कॉलेजात असताना चढलो होतो. पायऱ्यांजवळ एक पोरगा ताक विकायचा. काय सांगू, नुसतं मिठाचं पाणी! दह्याला बहुतेक लांबून दाखवलेलं."

"कधीची गोष्ट?" मी सहज विचारलं.

त्यानं साल सांगितलं. उन्हाळ्याची सुट्टी होती, हेही सांगितलं. पोराच्या डोक्यावर लाल टोपी होती, हेही.

"असतात असे लोक," मी म्हणालो, आणि त्याचा पेला पुन्हा भरला. जरा दाटच.

पुढे वर्षभर तो माझं ताक पीत राहिला, त्या पोराला शिव्या देत राहिला आणि मी माना डोलावत राहिलो. ११ जुलै २०२५ला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्यांत आमचा राजगड. पुणेकरानं रात्री स्वयंपाकघरात सगळ्या मजल्याला गोळा केलं आणि 'आमचा राजगड' या विषयावर व्याख्यान ठोकलं. पद्मावती माची, सुवेळा, संजीवनी, रायगडाच्या आधीची महाराजांची राजधानी, सगळं झालं. मी बेसिनपाशी होतो, कारण त्या आठवड्यात भांडी घासायची पाळी माझी होती.

"आणि हा तिथलाच आहे," शेवटी त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"किल्ल्यात राहतो?" कुणीतरी विचारलं.

"खाली," मी म्हणालो.

"मग तू वर जायचास का?"

"सुट्टीत रोज जायचो."

"रोज? कशाला?"

प्रश्न शुक्राचार्याचा होता आणि त्याच्या प्रामाणिक डोळ्यांपुढे खोटं बोलायचा माझा कोटा कढीपत्त्यातच संपला होता. "ताक विकायला," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात सगळे कौतुकानं हसले. पुणेकर हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर ती लाल टोपी हळूहळू चढत गेली.

"तू?" तो मराठीत म्हणाला.

"दुष्काळी वर्ष होतं. म्हशी आटल्या होत्या."

"वीस रुपये घेतले होतेस!"

मी त्याला वीस सेंट द्यायला तयार झालो. तो म्हणाला, व्याजासकट एक बाटली होईल. तिथे हे चलन सर्वमान्य आहे. २००३पासून जर्मनीत पाण्या-सरबताच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर पंचवीस सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात सारली की ते परत मिळतात. पंचवीस सेंट म्हणजे आपले पंचवीसेक रुपये. आम्हा विद्यार्थ्यांना व्हिसासाठीच वर्षाचे ११,९०४ युरो आधी बँकेत अडकवून ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ हाती येतात, खोलीभाडं, विमा, सगळं त्यातच. महिनाअखेरीला ज्याच्या पलंगाखाली बाटल्या जास्त तो श्रीमंत. मी श्रीमंत आहे.

आता सुट्टीत पालीला आलोय तर वेगळाच ताप झालाय. बादली आहे, तांब्या आहे, विहिरीचं पाणी आहे, इंद्रायणीचा वास गल्लीपर्यंत येतो, आणि मला तिथल्या गोष्टी आठवतायत. रविवारी सकाळी कर्ण्यावर गाणी लागली तसा मी आईला म्हणालो, "जर्मनीत रविवारी दुकानं बंद. कायदाच आहे. काय शांतता असते!"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आपण रविवारी बंद ठेवलं असतं तर तुला तिथे कोण पाठवणार होतं?"

मी गुपचूप ताकाचा हंडा उचलला आणि वाटेवर जाऊन बसलो. संध्याकाळपर्यंत पायऱ्यांच्या कडेनं इतक्या रिकाम्या बाटल्या साठल्या, की मी मनातल्या मनात पंचवीसनं गुणत गेलो आणि एका सेमिस्टरची फी झाली तेव्हा थांबलो. आपल्याकडे ते यंत्र नाही. तेव्हा गडावर येणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती आहे: आपापल्या बाटल्या आपापल्या सॅकमधून खाली न्या. आणि ताक पातळ वाटलं तर तिथल्या तिथे सांगा, अर्धा पेला वाढवून देऊ. जर्मनीत जाऊन सांगू नका.